नाव हरवलेल्या मुलीचा तपास : हेनिंग मानकेल यांच्या ‘विलोस्पोर’ या कादंबरीतील मानवी तस्करी

प्रस्तावना :

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार मराठी वाचकाला नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळापहाड’ या नायकांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. असे असले तरी विद्यापीठीय अभ्यासात या प्रकाराकडे बराच काळ ‘रंजनप्रधान’ म्हणून पाहिले गेले. रहस्यकथेची रूढ चौकट सर्वपरिचित आहे. एक प्रेत सापडते, संशयितांची मालिका उभी राहते, तपास करणारा बुद्धिमान पुरुष पुरावे जुळवतो आणि अखेरीस ‘खून कोणी केला?’ या प्रश्नाचे एकच एक उत्तर मिळते. गुन्हेगार पकडला गेला की विस्कटलेली सामाजिक घडी पुन्हा बसली, असे आश्वासन ही चौकट वाचकाला देते.

मानवी तस्करी हा गुन्हा मात्र या चौकटीत सहजासहजी मावत नाही. त्याला एक घटनास्थळ नसते, एक क्षण नसतो आणि एक गुन्हेगारही नसतो. भरती करणारा, प्रवास घडवून आणणारा, आसरा देणारा, पैसा पुरवणारा आणि शेवटी ‘ग्राहक’ म्हणून येणारा अशी ती साखळी असते. पुष्कळदा प्रेतही नसते. असते ती जिवंत, पण कोणत्याही दप्तरात नोंद नसलेली व्यक्ती. अशा गुन्ह्याचा तपास कादंबरीत मांडायचा झाल्यास रहस्यकथेच्या रूपाचे काय होते, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या केंद्रस्थानी आहे. त्यासाठी स्वीडिश लेखक हेनिंग मानकेल यांची १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘विलोस्पोर’ ही कादंबरी अभ्यासासाठी निवडली आहे. स्टीव्हन मरे यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद ‘साइडट्रॅक्ड’ या नावाने १९९९ मध्ये निघाला आणि २००१ मध्ये त्यास ब्रिटनमधील गुन्हेकथालेखकांच्या संघटनेचा ‘गोल्ड डॅगर’ पुरस्कार मिळाला. मूळ शीर्षकाचा अर्थ ‘चुकीचा माग’ असा आहे. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा अर्थ महत्त्वाचा आहे.

मानवी तस्करी : संकल्पना आणि कायदा :

मानवी तस्करीची आज सर्वमान्य असलेली व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या ‘पालेर्मो प्रोटोकॉल’मध्ये आढळते. हा करार नोव्हेंबर २००० मध्ये संमत झाला व डिसेंबर २००३ मध्ये अमलात आला. त्यानुसार तस्करीचे तीन घटक आहेत. पहिला घटक कृतीचा : व्यक्तीची भरती, वाहतूक, हस्तांतर, तिला आसरा देणे किंवा ताब्यात घेणे. दुसरा साधनाचा : बळ, धमकी, अपहरण, फसवणूक किंवा व्यक्तीच्या असहाय स्थितीचा गैरफायदा. तिसरा हेतूचा : लैंगिक शोषण, वेठबिगारी, गुलामी किंवा अवयव काढून घेणे यांसारखे शोषण. व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर दुसरा घटक सिद्ध करण्याची गरज उरत नाही. कृती आणि हेतू पुरेसे ठरतात. देशाची सीमा ओलांडली जाणे हा या व्याख्येचा अनिवार्य भाग नाही, ही बाबही ध्यानात घेण्याजोगी आहे.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ने माणसांचा अपव्यापार व वेठबिगार यांना मनाई केली आहे. १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा प्रामुख्याने वेश्याव्यवसायाशी निगडित होता. पालेर्मो प्रोटोकॉलला भारताने २०११ मध्ये मान्यता दिली. त्यानंतर २०१३च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये या व्याख्येशी मिळतीजुळती तरतूद आली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ने घेतली आहे.

‘विलोस्पोर’चे कथानक १९९४च्या उन्हाळ्यात घडते, म्हणजे पालेर्मो प्रोटोकॉलच्या सहा वर्षे आधी. स्वीडनमध्ये लैंगिक शोषणासाठी होणारी मानवी तस्करी हा स्वतंत्र गुन्हा ठरला तो १ जुलै २००२ रोजी. इतर प्रकारच्या शोषणासाठी होणारी तस्करी त्यात २००४ मध्ये समाविष्ट झाली. त्यामुळे या कादंबरीतील तपास अधिकाऱ्यासमोर जो गुन्हा उभा आहे, त्यासाठी त्याच्या हातातील कायद्यात अद्याप शब्दच नाही.

लेखक आणि परंपरा :

हेनिंग मानकेल (१९४८-२०१५) हे कादंबरीकार आणि नाटककार होते. आयुष्यातील मोठा काळ त्यांनी मोझांबिकची राजधानी मापुतो येथे नाटकाच्या कामात व्यतीत केला. युरोपकडे दुरून पाहण्याची दृष्टी त्यांना या वास्तव्याने दिली. इस्टाड या स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावरील लहान शहरातील पोलीस अधिकारी कुर्ट वॉलंडर हा त्यांचा नायक १९९१च्या पहिल्या कादंबरीत अवतरला. परकीयांविषयीचा द्वेष हा त्या कादंबरीचा विषय होता. १९९४च्या ‘हसणारा माणूस’ या अर्थाच्या कादंबरीत मानवी अवयवांचा व्यापार आला आणि त्यानंतरच्या वर्षी, मालिकेतील पाचव्या कादंबरीत, मुलींचा.

गुन्हेकथेतून समाजाची चिकित्सा करण्याची रीत स्वीडनमध्ये माय शोवाल आणि पेर वालो या लेखकजोडीने रुजवली. १९६५ ते १९७५ या काळात त्यांनी लिहिलेल्या दहा कादंबऱ्यांत पोलीस खाते हे कल्याणकारी राज्याच्या अंतरंगात डोकावण्याचे साधन बनले. मानकेल त्याच वाटेचे प्रवासी आहेत. वॉलंडर हा अर्नाळकरांच्या नायकांसारखा अजिंक्य साहसी पुरुष नाही. तो घटस्फोटित आहे, थकलेला आहे, वृद्ध पित्याच्या आजाराने चिंतित आहे. तो चुकतो आणि चुकल्यावर झुरतो.

भूगोलही येथे निरर्थक नाही. इस्टाड, माल्मो आणि हेल्सिंगबोर्ग ही कथानकातील शहरे स्कोने या प्रांतात आहेत. पोलंडकडून आणि डेन्मार्ककडून येणाऱ्या बोटी याच किनाऱ्याला लागत. ओरेसुंडचा पूल २००० मध्ये खुला झाला; तोपर्यंत दक्षिणेकडून स्वीडनमध्ये शिरण्याचे दार म्हणजे ही बंदरे होती. स्वीडन युरोपीय संघात सामील झाला तो १ जानेवारी १९९५ रोजी. म्हणजे सीमा सैल होण्याच्या उंबरठ्यावरचा हा उन्हाळा आहे.

कथानकाची रूपरेषा :

कादंबरीचा प्रारंभ स्वीडनमध्ये होत नाही. तो होतो १९७८ मध्ये, डॉमिनिकन प्रजासत्ताक या कॅरिबियन देशात. तेथील एका गरीब माणसाची पत्नी बाळंतपणानंतर दगावते आणि तो आपल्या नवजात मुलीसह मागे राहतो. यानंतर कथानक १६ वर्षे पुढे सरकते. इस्टाडजवळच्या एका शेतकऱ्याच्या रेपसीडच्या, म्हणजे मोहरीसारख्या पिवळ्या फुलांच्या शेतात एक अनोळखी मुलगी उभी असल्याची तक्रार पोलिसांकडे येते. वॉलंडर तेथे जातो. तो जवळ येताना पाहून मुलगी घाबरते, अंगावर पेट्रोल ओतते आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्वतःला जाळून घेते. तिच्याकडे ओळख पटवणारा कागद नाही. मागे उरते ते आद्याक्षरे कोरलेले एक पदक.

या मृत्यूचा अर्थ लावण्याआधीच खुनांची मालिका सुरू होते. पहिला बळी निवृत्त कायदामंत्री, दुसरा कलावस्तूंचा श्रीमंत व्यापारी, तिसरा चोरीचा माल खपवणारा गुंड आणि चौथा आर्थिक गैरव्यवहारांत मुरलेला हिशेबनीस. खुनी प्रत्येकाच्या डोक्याची कातडी सोलून नेतो. सारे पोलीस दल या विकृत वाटणाऱ्या खुन्यामागे लागते. अखेरीस उलगडते ते असे : खुनी आहे तिसऱ्या बळीचा १४ वर्षांचा मुलगा. बापाने स्वतःच्या मुलीला, म्हणजे या मुलाच्या बहिणीला, प्रतिष्ठित पुरुषांच्या स्वाधीन केले होते. मनोरुग्णालयात मूक झालेल्या बहिणीला बरे करण्याच्या भाबड्या, भीषण समजुतीने मुलगा हे खून करत असतो. शेतात जळालेली मुलगीही याच पुरुषांच्या वर्तुळात आणली गेली होती.

दोन तपास :

या रूपरेषेवरून कादंबरीत दोन तपास समांतर चालतात, हे स्पष्ट होते. पहिला ‘खुनी कोण?’ याचा. त्यासाठी मनुष्यबळ आहे, मानसतज्ज्ञ आहे, वृत्तपत्रांचा दबाव आहे आणि वरिष्ठांची घाई आहे. दुसरा ‘ही मुलगी कोण?’ याचा. त्यासाठी आहेत काही आद्याक्षरे, इंटरपोलकडे पाठवलेली विचारणा आणि वॉलंडरची अस्वस्थता. रूढ रहस्यकथेच्या नियमाने पहिला तपास मुख्य आणि दुसरा आनुषंगिक ठरावा. मानकेल यांनी हा क्रम मोठ्या कौशल्याने उलटा केला आहे.

पहिल्या तपासातील गूढ लेखक स्वतःच हळूहळू काढून घेतो. खुन्याच्या दृष्टीने लिहिलेली प्रकरणे मधूनमधून येतात आणि वाचक पोलिसांच्या पुढे जातो. वॉलंडर मुलाला त्याच्या घरी भेटतो, त्याच्याशी बोलतो, पण इतक्या लहान वयाच्या, समंजस मुलाविषयी संशय त्याच्या मनाला शिवत नाही. ‘चुकीचा माग’ या शीर्षकाचा एक अर्थ हा आहे. दुसरा अर्थ अधिक खोल आहे. खून झालेले पुरुष वरकरणी परस्परांशी असंबद्ध वाटतात. मंत्री आणि गुंड यांना जोडणारा दुवा पोलिसांना दिसत नाही, कारण तो दुवा म्हणजे ज्यांची कोठेही नोंद नाही अशा मुली आहेत. मुलीच्या मृत्यूची फाइल आणि खुनांची फाइल टेबलावर वेगवेगळ्या राहतात, तोवर तपास भरकटलेलाच राहतो.

येथे तस्करीच्या कार्यपद्धतीवर लेखकाने नेमके बोट ठेवले आहे. तस्कर व्यक्तीकडून सर्वप्रथम काय हिरावून घेतो? तिची कागदपत्रे, तिची भाषा ज्यांना समजेल अशी माणसे आणि पर्यायाने तिचे नाव. पारपत्र काढून घेतलेली, स्थानिक भाषा न जाणणारी, आपण स्वतःच बेकायदेशीर आहोत अशी धमकी ऐकत राहिलेली व्यक्ती कोणाकडे दाद मागणार? गणवेश किंवा पोलीस तिला मदतीचे नव्हे, तर पुढच्या संकटाचे चिन्ह वाटते. मुलगी वॉलंडरला पाहून पेटवून घेते, या प्रसंगाची भीषणता नेमकी येथे आहे. तो तिला वाचवायला गेला होता आणि तिच्या अनुभवाने तिला शिकवले होते की, जवळ येणारा प्रौढ पुरुष वाचवत नसतो.

म्हणूनच या कादंबरीत तपासाचे खरे फलित गुन्हेगाराला बेड्या ठोकणे हे नाही. मुलीला तिचे नाव परत मिळणे, हे आहे. आद्याक्षरांपासून सुरू झालेला शोध डोलोरेस मारिया सांताना या पूर्ण नावापाशी आणि तिच्या मायदेशापाशी पोहोचतो. ज्या बापलेकीला वाचक प्रारंभीच भेटलेला असतो, त्यांच्यापर्यंत यायला पोलिसांना संपूर्ण कादंबरी लागते. तस्करीने माणसाची जी वस्तू केली, तिचे तपासाने पुन्हा माणूस केले, मात्र मृत्यूनंतर. कादंबरी वाचकाला समाधान देते आणि त्याच वेळी ते अपुरे असल्याची जाणीवही देते.

परकी मुलगी आणि घरची मुलगी :

मानवी तस्करीविषयीचे लेखन बहुधा सीमेपलीकडून आलेल्या बळींवर आणि परदेशी टोळ्यांवर केंद्रित होते. त्यातून ‘हे संकट बाहेरून येते’ अशी सोयीची समजूत तयार होते. मानकेल यांनी दोन मुली समोरासमोर ठेवून ही समजूत मोडली आहे. एक महासागर ओलांडून आणलेली आणि दुसरी माल्मोमधल्या घरातली. एकीला अनोळखी दलालांनी आणले, दुसरीला जन्मदात्याने दिले. पालेर्मो प्रोटोकॉलची परिभाषा लावली तर हस्तांतर, शोषणाचा हेतू आणि १८ वर्षांखालील वय हे घटक दोघींच्याही बाबतीत आढळतात. दोघींचे ‘ग्राहक’ तर एकाच वर्तुळातले आहेत, आणि त्यांत कायद्याचे खाते सांभाळलेला माणूस आहे. पुरवठ्याची साखळी परदेशी असेल, पण मागणी देशी आहे, हे या रचनेतून सिद्ध होते.

मागणीवर बोट ठेवणारा हा विचार स्वीडनच्या सार्वजनिक चर्चेतही त्या दशकात पुढे येत होता. १ जानेवारी १९९९ पासून तेथे लैंगिक सेवा विकणे नव्हे, तर विकत घेणे गुन्हा ठरले. पुढे जानेवारी २००० मध्ये माल्मो येथे लिथुआनियातून फसवून आणलेल्या १६ वर्षांच्या एका मुलीने पुलावरून उडी घेतली आणि तिचा मृत्यू झाला. लुकास मूडिसन यांच्या २००२च्या ‘लिल्या फॉर एव्हर’ या चित्रपटाला याच घटनेची प्रेरणा होती. इस्टाड ते माल्मो हे अंतर जेमतेम ६० किलोमीटरचे आहे. कादंबरीत कल्पिलेले वय, प्रांत आणि शेवट पाच वर्षांनी वास्तवात उतरले. यावरून कादंबरीकार भविष्यवेत्ता ठरत नाही. दप्तरी नोंद होण्यापूर्वीच परिस्थितीची चाहूल साहित्याला लागू शकते, एवढेच त्यातून दिसते.

कादंबरीच्या मर्यादा :

या गुणांबरोबर काही मर्यादांचाही निर्देश करणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा बळीच्या आवाजाची. डोलोरेस मारिया संपूर्ण कादंबरीत आपली हकीकत सांगत नाही. दुसरी मुलगी आजाराने मूक आहे. खुन्याचे मन उलगडण्यासाठी लेखकाने कित्येक प्रकरणे खर्च केली; मुलींच्या मनासाठी ती सवलत नाही. हे मौन तस्करीच्या वास्तवाशी सुसंगत आहे, असा बचाव करता येईल. तथापि बळीचे मौन दाखवणे आणि बळीला मौनात ठेवणे यांतील सीमारेषा पुसट असते.

दुसरी मर्यादा न्यायाच्या स्वरूपाची. शोषण करणाऱ्यांना शिक्षा मिळते ती न्यायालयात नव्हे, कुऱ्हाडीने. त्यामुळे साक्षी, पुरावे, पीडितांचे संरक्षण, पुनर्वसन हे तस्करीच्या खटल्यांतील अवघड टप्पे कथानकात येतच नाहीत. शिवाय सूड घेणारा स्वतःच एक उद्ध्वस्त बालक असल्याने वाचकाची सहानुभूती त्याच्याकडे वळते आणि साखळीतील उरलेले दुवे नजरेआड होतात.

याच विषयावरील स्टीग लार्सन यांच्या कादंबरीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. लार्सन २००४ मध्ये निवर्तले. ‘मिलेनियम’ मालिकेतील त्यांची दुसरी कादंबरी २००६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाली. तीत डाग स्वेन्सन हा पत्रकार पूर्व युरोपातून होणाऱ्या मुलींच्या तस्करीवर पुस्तक लिहीत असतो आणि त्याची सहचरी मिया योहान्सन याच विषयावर प्रबंध सिद्ध करत असते. मुली विकत घेणाऱ्यांची, त्यांत पोलीस व न्यायखात्यातील माणसांची, नावे उघड होण्याच्या बेतात असताना दोघांचा खून होतो. येथे तस्करी कथानकाच्या पृष्ठभागावर आहे आणि माहितीही अधिक आहे. परंतु कादंबरी पुढे सरकते तशी ती नायिका लिस्बेथ सालान्डर आणि तिचा क्रूर पिता यांच्या वैयक्तिक युद्धात परिवर्तित होते. गुन्हेगार जितका राक्षसी रंगवावा, तितकी व्यवस्था निर्दोष भासू लागते. मानकेल यांचे खलपुरुष प्रतिष्ठित आणि सर्वसामान्य आहेत, म्हणून ते अधिक अस्वस्थ करतात.

अध्यापनाच्या दृष्टीने :

महाविद्यालयीन अध्यापनात या प्रकारच्या साहित्यकृतीचा उपयोग साहित्य, समाजशास्त्र आणि विधी अशा तिन्ही शाखांना होण्यासारखा आहे. साहित्याचा विद्यार्थी कथनदृष्टीचा विचार करील : वाचकाला कोणाच्या मनात प्रवेश दिला आहे आणि कोणाच्या नाही? समाजशास्त्राचा विद्यार्थी भरतीपासून ग्राहकापर्यंतची साखळी कागदावर मांडून पाहील आणि तिच्यातील कोणते दुवे कादंबरीत रिकामे आहेत, हे शोधील. विधी शाखेचा विद्यार्थी कृती, साधन आणि हेतू हे तीन घटक दोन्ही मुलींच्या प्रकरणांना लावून पाहील. मात्र वर्गातील प्रत्येक श्रोता या विषयापासून सुरक्षित अंतरावर आहे, असे गृहीत धरू नये. शोषणाच्या वर्णनांपेक्षा तपासाच्या रचनेवर चर्चेचा भर ठेवणे इष्ट ठरेल.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, मानवी तस्करीचा विषय रहस्यकथेत आला की तिचा मूळ प्रश्नच बदलतो. ‘गुन्हा कोणी केला?’ याचे उत्तर एका नावात मिळत नाही, कारण गुन्हा साखळीने केलेला असतो. त्याऐवजी ‘ही व्यक्ती कोण होती आणि ती कोणाला दिसली नाही?’ हा प्रश्न पुढे येतो. ‘विलोस्पोर’ने तो आपल्या रचनेतूनच विचारला आहे. खुन्याला शोधणारा तपास पूर्ण होतो, पण वॉलंडरच्या आणि वाचकाच्या मनातून शेतातील मुलगी जात नाही. पोलिसांच्या दृष्टीने बेवारस ठरलेल्या त्या देहाला एक बाप आणि एक पूर्ण नाव होते. हे नाव शोधण्याची जबाबदारी तपास यंत्रणेची आहे, तशी ते नाव ऐकण्याची जबाबदारी समाजाची आहे, हा या कादंबरीचा आशय आहे. रहस्यकथा गांभीर्याने अभ्यासण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.